आरसा खाली आहे

मी एक जुना मोडेम आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. पुस्तकाएवढा चपटा डबा, पुढे लाल दिव्यांची ओळ, मागून एक वायर कॉम्प्युटरकडे आणि दुसरी टेलिफोनकडे. फोनच्या तारेवरून मी दूरदेशीच्या यंत्रांशी बोलत असे. बोलण्याआधी किर्र-खर्र असा घसा साफ करायचो, आणि देवासच्या त्या घरातल्या शशिकलाबाई म्हणायच्या, "उठला वाटतं मेला!" पण ते लाडानं.

मला इंदूरहून आणलं त्यांच्या मुलीनं, नीरजानं. बसमध्ये तिनं मला मांडीवर घेतलं होतं, वरच्या फळीवर ठेवू दिलं नाही. तिचे वडील, अण्णा, नाशिकहून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आलेले, आणि आता निवृत्त. नीरजाचा कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली जगभरातली माणसं मिळून लिहीत. तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सतत कुठे ना कुठे सुधारला जाई. सगळे एकाच दारी तुटून पडू नयेत म्हणून त्याच्या हुबेहूब प्रती देशोदेशीच्या सर्व्हरांवर ठेवलेल्या असत. त्यांना लोक मिरर म्हणत आणि आमची नीरजा 'आरसा'. तिनं तशी आज्ञाच करून ठेवली होती. 'आरसा' टाइप केलं की मी फोन लावायचा, आणि कोडात जे बदललं असेल तेवढंच घरी आणायचं.

आरशापुढे मात्र ही गर्दी! नवरात्रात इथल्या देवीच्या टेकडीवर दर्शनाला असते तशी. "जागा नाही, नंतर या," एवढं ऐकून मी कितीदा तरी हात हलवत परत आलो आहे.

शिवाय माझी एक खोड होती. लाइन खरखरली की बोलणं तुटायचं, पण फोन काही माझ्याकडून सुटायचा नाही. बाहेरून लावणाऱ्याला लाइन एंगेज. टेलिफोनवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "भिया, लाइन तो ठीक है. ये डब्बा ही फोन पकड़ के बैठ जाता है."

मला फार लागलं ते. नीरजानं माझी बाजू घेतली. मला चालवणाऱ्या कोडात शिरून तिनं चूक शोधली आणि सुधारली. पण आरशातून ताजी प्रत आली की तिची दुरुस्ती पुसून जायची. मूळ कोड सांभाळणाऱ्यांनी ती आपलीशी केली तरच टिकणार होती. तिनं ती त्यांना पाठवली, आणि उत्तर यायच्या आत लग्न होऊन धारला गेली.

निघताना म्हणाली, "अण्णा, आरसा लावत राहा. माझी दुरुस्ती परत आली की हा आपोआप फोन सोडेल. तोपर्यंत याची वायर हातानं काढत जा."

अण्णा आरसा लावायचे, पण वायर काढायला विसरायचे. नीरजा रविवारी धारहून फोन करी. सासरी चारचौघांत रिसीव्हर कानाला लावून उभी राही, आणि इकडे मी फोन धरून बसलेला. एकदा उशिरा कधीतरी तिचा फोन लागला तेव्हा ती रडलीच. "आई, मला वाटलं, तुम्हाला माझी आठवणच नाही येत." त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

मग नाक पुसून तिनं सांगितलं, "आई, संडेला सकाळी आरसा खाली असतो. तेव्हाच लावायला सांग अण्णांना."

शशिकलाबाईंनी मान डोलावली. रविवारी उठल्या, बेसिनवरचा आरसा खिळ्यावरून उतरवला आणि भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला. अण्णा दाढीला आले ते बघतच राहिले.

"अगं, हे काय?"

"पोरीनं सांगितलंय, आरसा खाली असला की लागतं. कॉम्प्युटरातलं तिला जास्त कळतं की तुम्हाला?"

अण्णा फतकल मारून दाढीला बसले. आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्याच हाकेला मला आत घेतलं! मग काय, आरसा खालीच राहिला. अण्णांची पाठ दुखू लागली, तरी रोज तिथंच खाली बसून दाढी करायचे.

अशाच एका रविवारी माझ्यातून थोडा मजकूर आला. मला वाचता येत नाही, मी नुसता वाहून आणतो. पण अण्णांनी चष्मा चढवला, पडद्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवलं, आणि हाक मारली. "अगं, इकडे ये. त्या दुरुस्तीवर नीरजाचं नाव आलंय. पुढे देवास पण लिहिलंय!" शशिकलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला.

नीरजानं शिकवल्याप्रमाणे अण्णांनी त्या कोडातून कॉम्प्युटरला नवी प्रणाली घडवायला लावली. कॉम्प्युटर दिवसभर घुरघुरत होता. पुढच्या रविवारी मी आरशाशी बोलायला बसलो, मध्येच लाइन खरखरली, बोलणं तुटलं, आणि टक् करून मी आपणहून फोन सोडला. नीरजा सासरी गेल्यापासून पहिल्यांदा.

जरा वेळानं घंटी वाजली. धारहून.

"आई! आज लाइन खाली मिळाली!"

"लाइन पण खाली? मी तर फक्त आरसाच ठेवला होता गं."

"कुठला आरसा?"

मग सगळा उलगडा झाला. "अगं आई, खाली म्हणजे मोकळा! हिंदीतला खाली!" तिकडे नीरजा हसत होती, इकडे शशिकलाबाई हसता हसता पदरानं डोळे टिपत होत्या. इतकी वर्षं देवासला राहून हिंदी येत नव्हतं असं नाही, पण लेक मराठीत बोलली की त्या मराठीतच ऐकायच्या.

अण्णा आरसा पुन्हा टांगायला निघाले. शशिकलाबाईंनी अडवलं. "राहू द्या. ती आली की तीच लावेल."

पुढे नीरजा आली ती आपल्या छोट्या लेकीला, बकुळाला घेऊन. बकुळा रांगत रांगत बेसिनपाशी गेली, आरशात डोकावली, आणि समोरच्या बाळाला बघून खुदकन हसली. मग आरसा वर लावायची गोष्टच कुणी काढली नाही.

आता वेगवान इंटरनेट आलं. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. पण शशिकलाबाई दर दिवाळीला माझी धूळ पुसतात, आणि मला तेवढं पुरतं. मित्रांनो, जुन्या वस्तूला खोड असली तर टाकण्याआधी एकदा आत डोकावून बघा. दारात गर्दी असली तर चिडू नका, जरा थांबून पुन्हा हाक मारा. आणि तुमचं बोलणं झालं की फोन सोडत जा. कुणीतरी तिकडून लावत असतं.