हरिबाच्या दाराचा फळा

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, जन्माने मी फळा नाही. आयुष्याची पहिली चाळीस वर्षं मी दार होतो आणि अक्षर म्हणजे काय हे मला ठाऊकही नव्हतं. म्हातारपणी लिहायला-वाचायला शिकलेल्या माणसाचं जसं असतं, तसंच माझं. जे थोडं आलं ते जपून वापरतो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं लाकूड कडुनिंबाचं. मोहोळच्या कोंडीबा सुताराने एका पडलेल्या झाडाच्या फळ्या कापल्या, पाठीला तीन आडव्या पट्ट्या ठोकल्या, आणि मालट्रकच्या मागे उभं करून मला मंद्रूपला धाडलं. गावाच्या कडेला मेंढपाळांची पाच-सहा घरं आहेत. त्यातल्या एका घराला मी लागलो. कडुनिंबाला वाळवी लागत नाही, म्हणून माझं कौतुक व्हायचं. येणारा-जाणारा माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "दार लई दणकट हाय की!" कोकरं जाता-येता माझ्या अंगाला अंग घाशीत. त्यांच्या लोकरीचं तेल लागून खालची कड तुकतुकीत झाली होती.

त्या घरात दोन भाऊ होते, हरिबा आणि सिद्धराम. धाकटा सिद्धराम सहा वर्षांचा असताना बाप गेला. हरिबा तेव्हा पंधरा-सोळाचा. त्या दिवसापासून धाकट्याचं सगळं बोलणं थोरला बोलू लागला. सिद्धरामला भूक लागली की शेजारणीला हरिबा सांगायचा. त्याला ताप आला की वैद्याला हरिबा सांगायचा. दोघं मोठे झाले तरी हीच रीत राहिली. सिद्धरामच्या सोयरिकीची माणसं आली तेव्हा हरिबा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आमच्या सिद्धरामला पोरगी पसंत हाय." सिद्धराम माझ्या आडोशाला उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही, आणि ते कुणाला वावगंही वाटलं नाही. मेंढपाळांच्या कितीतरी घरांत असंच असतं. धाकटा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने रानात, थोरला घरी. बाहेरच्या जगाशी घराचं एकच तोंड.

त्यात वाईट काही नव्हतं. हरिबाची बायको लवकर वारली, त्याला मूल झालं नाही. सिद्धराम आणि त्याची बायको सिद्धेश्वरी यांची लेक अंकिता त्याच्याच खांद्यावर वाढली. तिला तो खांद्यावर घेऊन माझ्यातून बाहेर पडायचा, तेव्हा तिचं डोकं चौकटीला लागू नये म्हणून दर वेळी वाकायचा. ती आपल्या पायांनी चालू लागली तरी त्याची वाकायची सवय गेली नाही.

मग घरकुल मंजूर झालं. सिमेंटचं घर आलं, लोखंडी दार आलं. मला काढून समोरच्या गटारीवर आडवं टाकलं. लोक माझ्यावरून चालू लागले. सायकली गेल्या, म्हशी गेल्या. दोन वर्षं मी चिखलात पालथा पडून होतो. मित्रांनो, त्या दिवसांविषयी फार सांगत नाही. काम करणाऱ्याला काम नसणं किती जड जातं, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

मला उचललं ते वच्छलाबाईंनी. बाई इंग्रजी शिकवत. निवृत्त झाल्यावर गावातल्या मुलांना घरच्या पडवीत फुकट शिकवू लागल्या होत्या. फळा नव्हता, म्हणून जमिनीवर खडूने लिहीत. एके दिवशी माझ्यावरून जाताना त्या थांबल्या, चपलेच्या टोकाने माझ्यावरचा चिखल खरवडला आणि हरिबाला म्हणाल्या, "आप्पा, हे मला द्याल?"

"घ्या की," हरिबा हसला. "आता त्येच्यावरून म्हशी जात्यात, उद्या पोरं जातील."

मला धुतलं, रंधा मारला, काळा रंग दिला, आणि पडवीच्या भिंतीला उभं केलं. पहिलं अक्षर अंगावर आलं तेव्हा गुदगुल्या झाल्या. पुढे सवय झाली. ओळीमागून ओळ येई आणि जाई, आणि पोरं शिकता शिकता मीही शिकलो.

एका वर्षी बाईंनी दहावीच्या मुलांना डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीच शिकवायला घेतलं. माणूस जसं बोलला तसंच्या तसं लिहायचं ते डायरेक्ट. दोन्ही बाजूंना अवतरणाची चिन्हं. आणि त्याचं बोलणं दुसऱ्याने आपल्या तोंडाने सांगायचं ते इनडायरेक्ट. बसू नावाचा एक खट्याळ पोरगा होता. त्याचं वाक्य बाईंनी माझ्यावर लिहिलं: बसू सेड, "आय ॲम हंग्री." त्याखाली लिहिलं: बसू सेड दॅट ही वॉज हंग्री.

बसू उठला. "बाई, वॉज म्हंजे होती ना? मला भूक अजून हाय की!"

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "निरोप घेऊन जाणाऱ्याला ते कसं कळणार? तो निघाला तेव्हा तुला भूक होती. तो पोचेपर्यंत तू जेवलास की उपाशी आहेस, त्याला ठाऊक नाही. म्हणून 'मी'चा 'तो' होतो, 'आज'चं 'त्या दिवशी' होतं, 'इथे'चं 'तिथे' होतं. सांगणारा दुसऱ्या जागी उभा आहे, बाळांनो."

अंकिता पहिल्या रांगेत बसायची. तिने विचारलं, "बाई, मग परत डायरेक्ट करताना त्या मानसाचे खरे शब्द कसे कळायचे?"

"परीक्षेत अंदाजाने लिही, मार्क मिळतील," बाई म्हणाल्या. "परीक्षेबाहेर मात्र त्या माणसाला जाऊन विचारावं लागतं."

अंकिता दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. सोलापूरच्या एका कॉलेजात अकरावीला नंबर लागला, मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली. फक्त वडिलांनी येऊन सही करायची होती, आणि गुरुवार ही शेवटची तारीख होती. गुरुवार चुकला की जागा दुसऱ्या मुलीला.

मंगळवारी सकाळी हरिबा पडवीत आला. अंकिता तेव्हा कोपऱ्यात धाकट्या मुलांच्या वह्या तपासत होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "बाई, त्ये सोलापूरचं राहू द्या. सिद्धराम नगं म्हनतोय. आन पोरीचं बी मन न्हाय."

"सिद्धराम काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांगा."

"त्येच्या शब्दांत म्हंजी? त्येच्या आन माज्या शब्दांत कवा फरक पडलाय?"

"तरी सांगा."

हरिबाने पटका नीट केला. "माज्या तोंडावर इस्वास न्हाय व्हय बाई?"

"आहे, आप्पा. म्हणूनच निरोप तुमच्याच हाती देते. मेंढरं जवळच बसलीत ना कुणाच्या शेतात खतासाठी? उद्या सकाळी सिद्धरामला घेऊन या. सिद्धेश्वरीलाही आणा."

हरिबा चहा न घेता गेला. या पडवीतून तो असा कधी गेला नव्हता. अंकिताने फडकं घेतलं आणि मला पुसायला लागली. माझ्यावर पुसण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी ती पुसत राहिली.

बुधवारी तिघं आली. सिद्धराम खांद्यावर घोंगडं, हातात काठी घेऊन पडवीच्या खांबाशी उभा राहिला. बाईंनी खुर्ची दिली तरी बसला नाही. थोरला उभा असताना तो कसा बसणार? माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, ह्ये आपलं दार व्हय?"

"व्हय," हरिबा म्हणाला.

बाईंनी सरळ विचारलं, "सिद्धराम, पोरीला सोलापूरला पाठवायचं की नाही? तुझं काय म्हणणं आहे?"

सिद्धरामने भावाकडे पाहिलं. "दादा सांगंल की."

"दादांनी सांगितलं. आता तू सांग."

मी चाळीस वर्षं त्या घराला दार होतो. पण परक्या माणसापुढे सिद्धरामला असं एकट्याने बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. काठी या हातातून त्या हातात गेली. घसा खाकरला. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी फोनवर येवडंच म्हनलं हुतं, पोरगी तितं एकटी कशी ऱ्हाईल? दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला की पोरगीच जायाला नगं म्हनती. मग म्या म्हनलं, तिचंच मन न्हाय तर ऱ्हाऊ दे."

कोपऱ्यात बसलेली अंकिता ताडकन उठली. "मी कवा नगं म्हनलं, अण्णा? मी आप्पांना इचारलं हुतं, मी गेल्यावर आईजवळ कोन ऱ्हाईल? तर आप्पा म्हनले, तुमीच नगं म्हनताय!"

"आन माज्याजवळ कोन कशाला ऱ्हायाला पायजे?" सिद्धेश्वरी पदर सावरत म्हणाली. "कंबर धरलीया माजी, तोंड न्हाय धरलं! कुनी मला इचारलं का? कोकरं बगाया मी हाय, चूल बगाया मी हाय. पोरगी शिकू दे की."

मग सगळ्यांच्या नजरा हरिबाकडे गेल्या. पंचेचाळीस वर्षं घराचं तोंड असलेला तो माणूस पडवीच्या पायरीवर खाली बसला. पटका काढून त्याने मांडीवर ठेवला.

"मी खोटं न्हाय बोललो," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमाला त्येच म्हनायचं हाय."

सिद्धराम काहीतरी बोलणार होता. बाईंनी हाताने त्याला थांबवलं आणि स्वतः हरिबाच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "आप्पा, आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

"माजं?"

"हो, तुमचं."

"माजं काय असतंय बाई? मी आपला ह्येंचं सांगतो."

"यांचं सांगून झालं. तुमचं राहिलंय."

बराच वेळ गेला. शिकवणीला आलेली धाकटी मुलं वह्या मिटून बसली होती. हरिबा मांडीवरच्या पटक्याचा पदर बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

"मला नगं वाटतंय," शेवटी तो म्हणाला. "ती जायाला मला नगं वाटतंय. सांजंला दमून आलं की तीच म्हनती, आप्पा, पानी देऊ का? ती गेल्यावर कुनी न्हाय तसं म्हनायचं. येवडंच हाय. मला भ्या वाटलं."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की हरिबाने भावाच्या आणि पोरीच्या तोंडी जे शब्द घातले होते, ते त्याचे स्वतःचेच होते. त्याला ते स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नव्हते. सगळ्यांचं बोलणं वाहून नेता नेता स्वतःचं बोलायची त्याची कधी पाळीच आली नव्हती, आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं.

सिद्धरामने काठी खांबाला टेकवली आणि भावासमोर खाली बसला. "मग तसं सांगायचं की दादा. मी काय रागावलो असतो व्हय?" थोडं थांबून म्हणाला, "पर पोरगी जाऊ दे. मी म्हनतो, जाऊ दे."

हरिबाने त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याच्या तोंडून 'मी म्हनतो' हे शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकले असावेत. त्याने डोळे पुसले नाहीत, पटका उचलून डोक्याला बांधला. "जाऊ दे," तो म्हणाला. "मी बी म्हनतो, जाऊ दे. मला सवय हुईल हळूहळू."

गुरुवारी सकाळच्या एसटीने सिद्धराम स्वतः लेकीला घेऊन सोलापूरला गेला. सही त्याने केली. मेंढरांमागे त्या दिवशी हरिबा होता.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. हरिबाला सवय झाली असं मी म्हणणार नाही, कारण ते तो म्हणालेला नाही. कधीमधी संध्याकाळी तो पडवीत येऊन मुलांच्या मागे बसतो, आणि बाई त्याला आवर्जून विचारतात, "आप्पा, आज तुमचं काय?" कधी सांगतो. कधी नुसताच बसून जातो.

मी आता थकलो आहे. मधल्या दोन फळ्यांत फट पडली आहे, रंगाचे पापुद्रे निघतात. ओल्या फडक्याने पुसलं की लाकूड फुगतं, तेव्हा मला कोरड्या फडक्याने पुसत जा, एवढं माझ्यासाठी करा. माझ्यावरची अक्षरं तुम्ही रोज पुसता, त्याचं मला काही वाटत नाही. पण तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, सगळ्यांचे निरोप नेणारं, सगळ्यांच्या वतीने बोलणारं. एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला विचारा, तुझं काय? आणि उठू नका. उत्तर यायला वेळ लागतो.