शिंगरू परत करावे

नालबंदाच्या दारापासून तबेलेवालीच्या फाटकापर्यंत मोजून बावीस पावलं. पण त्यांचं भांडण तोडणारा निवाडा आला तो सातासमुद्रापलीकडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

सगळा घोळ त्या छापील करारनाम्याचा. नालबंदाची घोडी व्यायली आणि त्याच दिवशी गेली. मागे राहिलेलं शिंगरू त्याने बाटलीने दूध पाजून चार महिन्यांचं केलं. खांद्यावर दोन टिचक्या मारल्या की पाय उचलायचा, एवढं शिकवलंही. मग जो तो सांगायला लागला, घोड्याचं पोर घोड्यांत वाढावं. म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर ते तबेल्यात ठेवलं, आणि करार हवा म्हणून दुकानातून तयार कागद आणला. तो निघाला जहाजावरच्या मालाचा. वाद झाल्यास परदेशातल्या बंदरातले तीन लवाद निर्णय देतील, असं सातव्या कलमात बारीक अक्षरांत होतं.

"दादा, सहीच्या आधी वाचायचं असतं," धाकटी बहीण म्हणाली. सही झाल्यावर म्हणाली, अर्थात.

सहा महिने झाले तरी तबेलेवाली शिंगरू देईना. लळा लागलाय म्हणे. कोर्टाने सातव्या कलमावर बोट ठेवलं. मग त्या तीन लवादांनी दोन वर्षं डोकं खाजवून करारातलंच वर्णन जसंच्या तसं उतरवून लिहिलं: 'तपकिरी शिंगरू, मादी, वय चार महिने, उंची एकशे वीस सेंटीमीटर, कपाळावर पांढरा ठिपका, मालकास परत करावे.'

परदेशी निवाड्याला इथल्या कोर्टाची मान्यता मिळेपर्यंत कोणी हिंग लावून विचारत नाही. अस्सल प्रत आणा, भाषांतर आणा, भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा. तबेलेवालीच्या वकिलाने तर कागदाची फीत हिरवी का, यावरही हरकत घेतली. मान्यतेला आणखी तीन वर्षं गेली. एवढ्या वेळात शिंगरू काय शिंगरूच राहणार होतं?

बेलिफ टेप घेऊन तबेल्यात गेला. नालबंदाने घोडीच्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या. तिने पाय उचलला. पाच वर्षांनी. नालबंद तिथेच ढसाढसा रडला.

"पाय उचलण्याचं निवाड्यात नाही," बेलिफ म्हणाला. "उंची एकशे पंचावन्न. पस्तीस जास्त भरते."

प्रकरण परत कोर्टात. न्यायाधीशबाई भल्या होत्या. "मला तुमचं पटतं हो," त्या म्हणाल्या. "पण लवादांनी लिहिलं त्यात मला एक अक्षर बदलता येत नाही. आहे तस्सं अंमलात आणायचं. वर्णनात बसेल असं तबेल्यात काही आहे का?"

होतं. त्याच घोडीचं पोर. तपकिरी, मादी, चार महिन्यांचं, कपाळावर ठिपका. उंची बरोब्बर एकशे वीस.

"मग ते द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

दुधाची तहान ताकावर, आणि ताकही दुसरीच्या तोंडचं. आईवेगळं पोर रात्र रात्र कसं रडतं, ते नालबंदाएवढं कोणाला ठाऊक? "मला नको," तो म्हणाला. बेलिफ म्हणाला, "नको म्हणालात तर प्रकरण बंद. मग हेही नाही आणि तेही नाही." नालबंदाने सही केली. आपण चोर आहोत असंच त्याला वाटलं.

तो शिंगराला दोरीने घेऊन निघाला. सात-आठ पावलं झाली असतील. मागे फाटकाची आडवी फळी मोडली आणि घोडी शांतपणे पोराच्या मागोमाग नालबंदाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

तबेलेवाली धावत आली. "माझी घोडी द्या."

बेलिफने कागद दोनदा चाळले. "घोडीबद्दल आदेश नाही, बाई. तुमचा यांच्याशी वाद आहे का?"

"आहे."

"मग सातवं कलम."

तबेलेवाली मटकन पायरीवर बसली. पाच वर्षं त्या घोडीला रोज स्वतःच्या हाताने खरारा करणारी बाई ती, लळा काही खोटा नव्हता. नालबंद घोडीच्या खुराचे खिळे तपासत होता.

"रोज बघायला आले तर चालेल?" तिने विचारलं.

"बावीस पावलं तर आहेत. या की," खूर मांडीवर तसाच धरून तो म्हणाला. "पण कागद करायचा नाही."