दाखवायचे पैसे

परदेशी शिकायला जायचं तर खात्यात पैसे असावे लागतात, हे कुणालाही कळतं. ते नुसते असून भागत नाही, काही आठवडे जागचे न हलता बसावे लागतात, हे मात्र अर्ज करायला गेल्यावरच कळतं. व्हिसाचं ऑफिस म्हणतं, आमच्याकडे येऊन वर्षभर राहणार कुठे आणि खाणार काय, ते आधी दाखवा. ज्याच्याकडे असतात तो दाखवतो. ज्याच्याकडे नसतात तो नातेवाइकांचे आणतो. फोटोपुरता शेजाऱ्याचा कोट अंगात घालावा, तसे ते पैसे खात्यात घालायचे आणि व्हिसा मिळाला की ज्याचे त्याला परत करायचे. मधल्या काळात त्यांना हात लावायचा नाही, एवढाच नियम.

भिंगरीच्या खात्यात मावशीचे पैसे आले ते असेच.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. रांगायला लागल्यापासून ती एका जागी कधी टिकली नाही, म्हणून मावशीनेच ठेवलेलं. आता ती युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती आणि तिसरं वर्ष परदेशातल्या युनिव्हर्सिटीत करायला तिची निवड झाली होती. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. दोघांनी मिळून ठरवलं, निम्मा खर्च आपली साठवण आणि कर्ज यांतून करायचा, उरलेला निम्मा शिष्यवृत्तीतून. शिष्यवृत्ती अजून मिळालेली नव्हती, पण मनातले मांडे खाणाऱ्याला बिल कोण देतो? अडचण एकच होती. निकाल उशिरा लागणार होता आणि व्हिसावाल्यांना सगळी रक्कम आत्ताच बघायची होती.

"माझे ठेव ना तिच्या खात्यात," मावशी म्हणाली. "तसेही पडूनच आहेत."

पडून वगैरे काही नव्हते. मावशी एका पार्लरमध्ये केस कापायची, तेही भाड्याच्या खुर्चीवर. आरशासमोरची तीन नंबरची खुर्ची तिची, आणि दिवसाच्या कमाईतला वाटा मालकीणबाईंचा. ऐन उमेदीची सगळी वर्षं तिने त्या खुर्चीमागे उभं राहून काढली होती. आता मालकीणबाईंचे गुडघे बोलायला लागले होते आणि त्यांनी पार्लर विकायला काढलं होतं. "आधी तुला विचारीन, मग दुसरीला," असा शब्द त्यांनी मावशीला दिला होता. मावशीचे पैसे होते ते त्यासाठी. मागेपुढे कुणी नसलेल्या बाईने पै पै करून जोडलेले.

"ताई, तू काळजी करू नकोस," ती भिंगरीच्या आईला म्हणाली. "म्हातारीला विकायची घाई नाही. तोवर पोरीचं काम होऊन जाईल." आणि डोळ्यांपासून हातभर लांब फोन धरून तिने स्वतःच्या बोटाने पैसे पाठवले. बाबा दोनतीनदा म्हणाले, "भिंगरे, हे फक्त दाखवायचे आहेत हं. मावशीची अमानत आहे." भिंगरीने मान डोलावली. अशा वेळी मान डोलावायला काय लागतं!

व्हिसा आला तेव्हा भिंगरी लायब्ररीत होती. ऑफिसचा ईमेल तिने एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. जिन्यात उभं राहून तिने पहिला नंबर काढला तो मावशीचाच. बोट बटणावर टेकणार, तेवढ्यात तिला आठवलं की शिष्यवृत्तीचा निकाल अजून लागायचाय.

इथून पुढे तिच्या डोक्यात जे झालं, त्याला ती तेव्हा विचार म्हणाली. व्हिसा आला म्हटलं की पैसे आजच परत जातील. मग शिष्यवृत्ती नाहीच मिळाली तर? तर मावशीला विचारता येईल. पण परत केलेले पैसे पुन्हा मागायचे कुठल्या तोंडाने? त्यापेक्षा राहू देत दोनचार दिवस. आपण घेतोय थोडेच? नुसते राहू देतोय. चोरी आणि उशीर यांत फरक आहे की नाही! हुशार मुलगी होती, परदेशी युनिव्हर्सिटीने उगाच निवडली नव्हती.

संध्याकाळी आईने विचारलं, "आलं का गं काही?"

"अजून नाही," भिंगरी म्हणाली. शब्द इतके सहज आले की तिचं तिलाच नवल वाटलं. आईची नजर फोनकडे गेली आणि भिंगरीने तो उशीखाली सरकवला. चोराच्या मनात चांदणं.

मावशी रोज दुपारी फोन करायची. मागे ड्रायरची घरघर असायची, त्यामुळे दोघींना ओरडून बोलावं लागे.

"काय गं, तुझे ते साहेब झोपलेत की काय? दिला का शिक्का?"

"नाही गं मावशी. कळवते ना आला की."

"बरं बरं. मी आपलं सहज विचारलं."

सहज विचारणारा माणूस रोज विचारत नाही, हे भिंगरीला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती घाईघाईने विषय बदलायची. रविवारी मावशीने दोनदा फोन केला. मागे ड्रायर वाजत नव्हता, पार्लरला सुट्टी होती. दुसऱ्यांदा, संध्याकाळी, मावशी हळू आवाजात म्हणाली, "आज नाहीच येणार ना काही? रविवार आहे म्हणा. ऑफिसं बंद असतात." भिंगरी म्हणाली, "हो ना." फोन ठेवून ती चहा प्यायला गेली.

शिष्यवृत्तीचा निकाल लागला आणि यादीत तिचं नाव नव्हतं.

तेव्हा मात्र तिला लाज वाटली, आणि शिष्यवृत्ती गेल्याच्या दुःखापेक्षा ती लाज मोठी होती. जे आपलं नाही ते आपलं नाही. परदेश राहिला तर राहिला. मावशीचे पैसे आजच्या आज परत करायचे असं ठरवून ती पार्लरकडे निघाली. वाटेत तिने वाक्य जुळवलं, 'मावशी, आजच आला व्हिसा.' प्रामाणिकपणाला निघालेली पोरगी एक खोटं सोबत घेऊन निघाली होती, पण ते तिला खटकलं नाही.

पार्लरचं दार ढकलून ती आत गेली आणि थबकली. काउंटरमागे मालकीणबाई नव्हत्या. तिथे नखवाली बसली होती. दाराजवळच्या टेबलावर बायकांची नखं रंगवणारी, भिंगरीपेक्षा फार तर सातआठ वर्षांनी मोठी. ती किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवून कुणाशी तरी फोनवर भाव करत होती. मावशी आपल्या तीन नंबरच्या खुर्चीमागे उभी राहून एका बाईच्या केसांना रंग लावत होती.

"ये ये," मावशी आरशातूनच म्हणाली. "बघितलंस? आमच्याकडे राज्य बदललं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? विकलं म्हातारीने. तिला मुलाकडे जायचं होतं, तिकिटं निघाली होती. तरी थांबली बिचारी माझ्यासाठी. मग हिच्या नवऱ्याने रोख आणून दिले." ब्रश वाटीत बुडवत मावशी हसली. "असू दे. नसतं एकेकाच्या नशिबात."

भिंगरीने जुळवून आणलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "मावशी, शिष्यवृत्ती नाही मिळाली."

मावशीचा हात थांबला. तिने ब्रश ठेवला, हातमोजे काढले, आणि रंग लावलेल्या बाईला तशीच सोडून भिंगरीला कोपऱ्यात घेतलं.

"मग रडतेस कशाला, वेडे? पैसे आहेत ना तुझ्या खात्यात! मला आता ते काय करायचेत? दुकान तर गेलं. तू वापर. शिकून नोकरी लागली की दे सावकाश. बघ, कसं असतं! माझं बिघडलं म्हणून तुझं जमलं."

आणि तिने भिंगरीला जवळ घेतलं. भिंगरी रडत होती ते मावशीला आनंदाने वाटलं.

घरी तर सोहळाच झाला. आईने बहिणीला फोन करून रडून घेतलं. बाबांचा आवाज घोगरा झाला. "अशी माणसं असतात म्हणून जग चाललंय," ते म्हणाले. "भिंगरे, तिचं दुकान हुकलं आणि तरी तिने तुझा विचार केला. व्हिसाच्या मेल्यांनी जरा आधी कळवलं असतं तर तिचंही झालं असतं." व्हिसाच्या मेल्यांनी कळवलेलं उशीखाली पडून होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, भिंगरीला जेवण उतरेना. दुसऱ्या दिवशी 'व्हिसा आला' असं तिने सांगून टाकलं, तेव्हा घरात पुन्हा एकदा सोहळा झाला आणि तिला तोंड धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये जाऊन बसावं लागलं.

जाण्याआधी केस कापून देते म्हणून मावशीने तिला पार्लरमध्ये बोलावलं. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मावशीने तिला बेसिनशी बसवलं, मानेखाली टॉवेल दिला, डोकं मागे टेकवलं. कोमट पाणी सोडून ती बोटांनी शाम्पू चोळू लागली. भिंगरीला वर फक्त छत दिसत होतं. मावशीचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच कदाचित तिला धीर झाला.

"मावशी, व्हिसा आधीच आला होता."

"कशाच्या आधी?"

"शिष्यवृत्तीच्या. खूप आधी. मी सांगितलं नाही. मला वाटलं, शिष्यवृत्ती नाही मिळाली तर पैसे हाताशी असावेत."

बोटं केसांत थांबली. नळ चालूच होता.

"रविवारी मी फोन केला होता. तेव्हा आला होता?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"हो."

मावशीने केसांतला फेस निपटला. मग म्हणाली, "रविवारी संध्याकाळी म्हातारी माझ्यासमोर बसली होती. म्हणाली, आजचा दिवस थांबते, उद्या मला हो-नाही कळव. दुसरा फोन मी तिथूनच केला होता."

"तू मला सांगितलं का नाहीस गं? मी एका मिनिटात पाठवले असते!"

"तुला कशाला सांगू? साहेब काय तुझं ऐकून लवकर शिक्का मारणार होते? उगाच तुझ्या जिवाला घोर. परीक्षा होती तुझी." मावशीचा आवाज एकदम चढला. "मला काय माहीत, साहेब तूच आहेस म्हणून!"

काउंटरवरून नखवालीने मान वर करून बघितलं. मावशीने आवाज खाली आणला. तिची बोटं पुन्हा चालू लागली, जरा जोरात. भिंगरीच्या डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं.

"मी जात नाही," ती म्हणाली. "आजच्या आज पैसे परत करते. मला नको ते परदेशबिरदेश."

"आणि त्या पैशांचं मी काय करू? लोणचं घालू?" मावशी म्हणाली. "दुकान परत येणार आहे का? तू इथे रडत बसलीस की तुझं मन हलकं होईल. चार दिवस उपाशी राहशील, झालं प्रायश्चित्त! मला काय मिळालं त्यातून? माझं दुकानही गेलं आणि तुझं शिक्षणही गेलं, असं दोन्ही घालवून बसू?" तिने नळ बंद केला. "जा तू. मी माफ केलं असं समजू नकोस. मला अजून नीट कळलंही नाहीये तू काय केलंस ते. पण जा."

"आईला सांगते मी. बाबांनाही."

"खबरदार! ताईला यातलं अक्षर कळता कामा नये. ती मला तोंड दाखवायची नाही परत. मला एकच बहीण आहे."

मग तिने भिंगरीचे केस टॉवेलात गुंडाळले, तिला तीन नंबरच्या खुर्चीवर बसवलं आणि कापले. नेहमीसारखेच, दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा मापून, मन लावून. भिंगरीने आरशात तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, तर मावशीची नजर कात्रीवरून हलली नाही.

निघायचा दिवस शनिवार होता. विमानतळावर बाबा दोन्ही बॅगा स्वतःच ओढत होते आणि वजन नियमात बसेल की नाही यावर आईशी वाद घालत होते. भिंगरी दाराकडे बघत होती. मावशी येईल, निदान रागवायला तरी येईल, असं तिला आत कुठेतरी वाटत होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मावशी?" तिने शेवटी विचारलं.

"अगं, सांगायचंच राहिलं," आई म्हणाली. "यायला निघालीच होती. पण त्या नव्या बाईने सोडलं नाही. शनिवारची गर्दी असते ना. म्हणाली, सुट्टी हवी तर आठवडाभर आधी सांगायचं. चांगलं झापलं म्हणे सगळ्यांसमोर. या वयात, बघ!"

"चालायचंच," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या हाताखाली म्हटलं की आलंच ते."

भिंगरीने हो म्हटलं. मग वाकून दोघांच्या पाया पडली आणि बॅगा घेऊन आत गेली.