कुंदाला बोंबील हवा

खारदांड्याच्या मंजुळा कोळणीची पोर कुंदा. सातव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि परळच्या एका इस्पितळात औषधं सुरू झाली. केस गेले ते गेले, पण औषधांमुळे तिला मासळीचा वासही सोसेना. कोळ्याची पोर, आणि मासळीच्या वासानं ओकायला लागली!

मग घरात मासळी बंद. मंजुळा बाजारातून आली की शेजारच्या सरूबाईकडे अंघोळ करून, लुगडं बदलूनच घरात शिरायची. कुंदाचा बाप चंदर होडीवरून आला की साबणानं अंग घासघासून दुधीची भाजी गिळायचा.

"वाण्याचं घर झालं रे तुझं," दोस्त चिडवायचे.

"होऊ दे. पोर जेवली पाहिजे."

पोर तरी कुठे धड जेवत होती?

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं संपली. आता फक्त तपासायला यायचं. हवं ते खाऊ द्या तिला."

पुढे काही आठवड्यांनी मायलेकी गल्लीतून येत होत्या. सरूबाई दारात बोंबील तळत होती. मंजुळानं सवयीनं पदर कुंदाच्या नाकावर धरला. कुंदानं तो ओढून काढला.

"आये, बोंबील ना? मना पायजे."

"ओकशील गं."

"ओकेन तर ओकेन. दे तर!"

सरूबाईनं तवाच उचलून आणला. कुंदानं एक बोंबील खाल्ला. दुसरा खाल्ला. गल्ली नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," कुंदा म्हणाली.

एरवी असं कुणी म्हटलं असतं तर सरूबाईनं त्याला गल्लीबाहेर काढलं असतं. आज तिनं पोरीचे पटापट मुके घेतले. मग कुणी कोळंबी आणली, कुणी सुकटीची चटणी, आणि म्हाताऱ्या महादूला काही सुचेना म्हणून त्यानं वळवळता जिवंत खेकडाच आणला. बायका किंचाळत पांगल्या.

एवढ्यात चंदर होडीवरून आला. सरूबाईच्या दारात गर्दी बघून, पोरीला काही झालं की काय म्हणून तो धावतच सुटला. धक्के देत तो आत घुसला, तर पोर तेलकट बोटं चाटत बसलेली!

"बाबा, ये ना!"

"थांब, अंगाला वास येतोय..."

"येऊ दे रे!"

त्यानं खवल्यांनी भरलेल्या हातांनीच तिला खांद्यावर घेतलं आणि गरागरा फिरायला लागला. कुंदा त्याचे केस धरून खिदळत होती.

"अरे, आत्ताच जेवलीय ती! पोटात राहू दे!" मंजुळा हसत-रडत ओरडत होती.

पण ऐकतंय कोण? आणि राहिलं की पोटात, सगळं.