मोरपिसाची माशी

खट्. दोऱ्याचं रीळ टेबलावरून पडलं आणि गडगडत फ्रिजखाली गेलं. विनीताने श्वास रोखून बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. चार वर्षांची वीणा हलली नाही. दुपारच्या झोपेची वीसएक मिनिटं अजून उरली होती.

कृष्णाच्या तसबिरीमागचं मोरपीस तिने काढून घेतलं होतं. त्यातला एकेक धागा ती बारीकशा गळावर गुंडाळत होती. ट्राउट माशाला ही पाण्यावरची माशी वाटते, असं शेजारचे म्हातारे वॉल्टर म्हणत. उन्हाळाभर त्यांनीच तिला शिकवलं होतं.

लॅबमधून जेवायला आलेला राजीव दारात थबकला. "देवाचं पीस माशांना? आईला लिहू का पत्रात?"

"लिही की. आणि हेही लिही, की तुमची सून मासा खात नाही, सोडून देते." तिने गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. असा गळ माशाच्या तोंडातून अलगद निघतो.

चारला विनीता, वीणा आणि वॉल्टर टेकडीमागच्या ओढ्यावर गेली. ओढा कसला, विनीता दोन ढांगांत पलीकडे गेली असती. वॉल्टर गुडघा चोळत दगडावर बसले. "आज मी बघणार फक्त. सावली पाण्यावर पडू देऊ नकोस."

"आई, फिश मरणार नाही ना?"

"नाही गं."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

गळाच्या तिसऱ्या फेकीला मोठ्या दगडामागे पाणी हललं आणि दोरी ताणली गेली. मग उन्हाळाभर शिकलेलं सगळं विनीता विसरली. तिने मासा ओढून कोरड्या हातांनी उचलला, गळ काढला आणि मासा वर धरला. "वीणा, बघ, ठिपके बघ त्याचे."

मासा निसटला, गोट्यांवर आपटला. तिने घाईने पाण्यात सोडला, तर तो आडवाच झाला. पांढरं पोट वर.

वीणा नुसती आईकडे बघत राहिली.

"हात ओले केले नाहीस, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो," वॉल्टर बसल्या जागेवरून म्हणाले. "असू दे. आता तोंड प्रवाहाकडे कर त्याचं."

ती गुडघाभर पाण्यात वाकली. मासा पुढे सरकवू लागली.

"ढकलू नकोस. आवळूही नकोस. पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाऊ दे. थांब."

ती थांबली. वीणा पहिली पावलं टाकत होती तेव्हा तिच्या काखांखाली असेच हात धरले होते, लागतील न लागतील असे. बोटं गारठून बधिर झाली. कल्ला एकदा उघडला. बऱ्याच वेळाने पुन्हा. मग मासा हळूच सरळ झाला, तरी तिने हात हलवला नाही. शेवटी शेपटीचा एकच फटकारा बसला आणि ओंजळ रिकामी झाली.

"गेला," ती म्हणाली.

वीणा काठावर उकिडवी बसून दगडाखालच्या अंधारात बघत होती.

"आई, त्याला माहितीये का, की तू त्याला सोडलंस? की त्याला वाटतंय, तो पळून गेला?"