दगडांसाठी पाणी

१९९८ साली, जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शेजारच्या फाँगबाईंनी आमच्या जाळीच्या दाराशी उभं राहून नाक दाबलं आणि विचारलं, "गामहो, घरात कुणी मेलंय का गं?"

मी काही बोलणार तेवढ्यात मोरीतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"मेलेत की! चार हजार. या, दर्शन घ्या."

फाँगबाई बडबडत गेल्या. मी मात्र भाताचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. मुनहेई दोन महिन्यांनी बोलला होता.

आम्ही होडीवर जन्मलेली माणसं. आमच्यात नवराबायको एकमेकांना नावाने हाक मारतात. होडी हातभर, तिथे मानपान कुठे ठेवणार? लग्नानंतर आम्ही मासेमारी सोडली आणि वीस वर्षं खाडीत तराफा टाकून राहिलो. तराफ्याखाली जाळ्यांचे पिंजरे, पिंजऱ्यांत हेकरू मासे. मूलबाळ नव्हतं. मुनहेई माशांना सकाळी "उठलात का रे?" म्हणायचा आणि मी हसायचे.

त्या एप्रिलमध्ये लाल भरती आली, म्हणजे पाण्यात विषारी शेवाळ माजलं. सकाळी पाणी विटकरी दिसत होतं. दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते फावड्याने पिशव्यांत भरत होतो. एवढे मासे मेल्यावर माणूस रडत नाही, पिशव्या पुरतील का एवढंच बघतो. मग आम्ही हाँगकाँगच्या आपलेईचाउ बेटावरच्या सरकारी वसाहतीत, सतराव्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत राहायला आलो. मुनहेई भिंतीकडे तोंड करून बसला. अर्धी वाटी भात खायचा. एकदा मी बाजारातून आले तर तो गॅलरीच्या कठड्याशी उभा होता. चपला काढलेल्या, नीट जोडून ठेवलेल्या. मी चपला उचलून आत नेल्या आणि त्याला म्हटलं, "भाजी निवडायला बस." तो आला. पण त्या दिवसापासून बाजारातून येताना लिफ्ट सतराव्या मजल्यावर पोचेपर्यंत मी एकेक मजला मोजायचे.

यावर उपाय काढला तो आशुईने. आशुई आणि मुनहेई यांच्या आयांच्या होड्या एकाच दोराने बांधलेल्या असायच्या, तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. आशुई लग्नाच्या भानगडीत पडला नाही. त्याच्याकडे एक छोटी मोटरहोडी होती. बाहेरच्या बेटांपलीकडे जाऊन तो निळ्या पिंपांत समुद्राचं स्वच्छ पाणी भरून आणायचा. ज्यांनी हौसेने घरात खाऱ्या पाण्याचे मासे ठेवलेले असतात, त्यांना पोचवायचा. बंद पडलेल्या एका खानावळीतली चार फुटी काचपेटी त्याने हातगाडीवर घालून आमच्या दारात आणली.

"ही कशाला?" मुनहेईऐवजी मीच विचारलं.

"याच्या डोक्यात घालायला," आशुई म्हणाला. "ऊठ रे, भिंतीवर काय सिनेमा लागलाय का? तराफ्याखालचे दगड काढायचेत."

"दगड?"

"वहिनी, दगड म्हणजे घर. मासा काय, पाहुणा. घर नसताना पाहुणे बोलावतात तेच लोक माझ्याकडे रडत येतात."

पिंजरे बुडते राहावेत म्हणून आम्ही त्यांच्या तळाला पोवळ्याचे जुने, भोकाभोकांचे दगड बांधले होते. लाल भरती वरच्या पाण्यातली. इतक्या खालच्या दगडांना ती शिवलीच नव्हती. वीस वर्षांत त्यांच्यावर गुलाबी कवच चढलं होतं, भोकांत अळ्या, बोटाच्या नखाएवढे खेकडे, शेवाळं, काय काय. दोघांनी ते ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले आणि मोरीतल्या टबात समुद्राच्या पाण्यात ठेवले. वाटेत जे मेलं होतं ते सडू लागलं. ते ब्रशने घासून काढायचं, पाणी बदलायचं, परत थांबायचं. वास जाईपर्यंत दगड पेटीत ठेवायचा नाही. फाँगबाईंना आला तो हाच वास. पाच आठवडे आम्ही टबाशेजारी बसून आंघोळ केली.

मग एके दिवशी मुनहेईने टबात नाक घातलं आणि मला हाक मारली. "ये, हुंग."

मी हुंगलं. ओहोटीच्या वेळी खडकांना येतो तसा, स्वच्छ वास होता.

"पिकले," तो म्हणाला.

पेटी भरली. दगड रचायलाच त्याला दोन दिवस लागले. पाणी सगळ्या बाजूंनी फिरलं पाहिजे, म्हणून ठेवायचा, मागे सरून बघायचा, परत काढायचा. शेवटी त्याने रोगट्याला सोडलं. रोगट्या म्हणजे चार हजारांतला उरलेला एक. भरतीच्या आठवड्यात अंगावर बुरशी आली म्हणून मुनहेईने त्याला तराफ्यावरच्या बादलीत वेगळा ठेवला होता. आजारी होता म्हणून वाचला आणि बादलीतूनच आमच्याबरोबर घरी आला.

त्या उन्हाळ्यात माझा नवरा मला परत मिळाला. तो पेटीसमोर स्टूल टाकून बसायचा आणि मला हाका मारायचा. आज या भोकातून अळी निघाली, आज खेकड्याने कात टाकली. फाँगबाईसुद्धा यायला लागल्या. येताना सूप आणायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या टीव्हीपेक्षा बरं. जाहिराती नाहीत."

कामही बरंच होतं. आटलेलं पाणी भरून काढायला गोडं पाणी घालायचं, कारण मीठ आटत नाही. पण नळाचं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवून मगच घालायचं. "त्यात औषध असतं," मुनहेई मला बजावायचा, "माणसांसाठी घातलेलं. दगडांना ते विष." आणि दर आठवड्याला आशुईकडून तीन पिंपं समुद्राचं पाणी. लिफ्ट बंद असली तरी मुनहेई ती जिन्याने आणायचा. मी ओरडायचे. ऑगस्टमध्ये त्याची आतडी जांघेत उतरली आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं.

चार दिवसांचं काम होतं. जाताना स्ट्रेचरवरून तो मला म्हणाला, "रोगट्याला एक दिवसाआड एकच कोळंबी. लाड करू नकोस."

तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटून दुपारी घरी आले तर दाराबाहेर पाणी. पंपाची नळी निसटली होती आणि पंपाने पेटीतलं पाणी जमिनीवर ओतलं होतं. जवळजवळ निम्मी पेटी रिकामी. वरचे सगळे दगड उघडे पडले होते. खाली वीतभर पाण्यात रोगट्या कडेला चिकटून होता.

मी आशुईला फोन लावला.

"वादळाचा बावटा लागलाय, वहिनी," तो म्हणाला. मागे वाऱ्याचा आवाज होता. "सगळ्या होड्या आसऱ्याला आल्यात. आता बाहेर गेलो तर तुम्हाला आधी माझी तिरडी बांधावी लागेल. दगडांवर ओली फडकी टाका. ओहोटीला रोज उघडे पडतातच ते, दिवसभर तगतात. वारा उतरला की मी निघतोच."

"आणि मासा?"

"मासा आहे त्या पाण्यात राहील. तुम्ही काही करू नका. ऐकलंत? काहीही करू नका."

मी फडकी भिजवून दगडांवर टाकली. घरात होती ती पांढरीच होती. टाकून झाल्यावर मी मागे सरले आणि पेटीकडे बघितलं. आमच्यात प्रेत असंच झाकतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मुनहेई घरी येणार होता. दार उघडलं की त्याला पहिल्यांदा हेच दिसणार होतं, आणि पेटीच्या मागे गॅलरीचा कठडा.

हाँगकाँगमध्ये संडासात समुद्राचं पाणी येतं. गोडं पाणी कमी, म्हणून सरकारने त्याचे नळच वेगळे टाकलेत. मी संडासाच्या टाकीचं झाकण काढलं. साखळी ओढली, नव्याने येणाऱ्या धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. होडीवरची माणसं पाणी जिभेवर पारखतात. माझी आई डोळे बांधून सांगायची, हे नदीच्या मुखाचं, हे बाहेरचं. मला खारट लागलं. समुद्र लागला. नळाच्या पाण्यात औषध घालतात ते माणसं ते पितात म्हणून. संडासात ओतायच्या पाण्याला औषध कोण घालणार?

मी टाकीतून मगाने पाणी काढून बादल्या भरल्या. अठरा बादल्या. फडकी काढली. दगड पाण्याखाली गेले, पंप लावला, पेटी पुन्हा काठोकाठ झाली. बाहेर वारा शिट्ट्या घालत होता आणि मी स्टुलावर बसून केळं खाल्लं.

तासाभरात अळ्या भोकांतून बाहेर यायला लागल्या. आधी मला वाटलं, खूश झाल्यात. त्या दोऱ्यांसारख्या लोंबू लागल्या आणि पांढऱ्या पडल्या. खेकडे दगडांवर चढून, वर पोचून तिथेच थांबले. रोगट्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागला. ते तोंड मी एप्रिलमध्ये चार हजार वेळा पाहिलं होतं. मी पेटीवर वाकले, तेव्हा मला वास आला, पोहण्याच्या तलावाला येतो तो, औषधाचा. गॅलरीत ठेवलेलं मुरवलेलं गोडं पाणी होतं, तेही चार तांबे ओतलं. काय करतेय ते मला कळत नव्हतं.

बावटा उतरला आणि संध्याकाळी आशुई आला. तीन पिंपं ढकलत. तो दारातच थांबला, नाकाने एकदा श्वास घेतला, मग संडासाच्या उघड्या टाकीकडे बघितलं. त्याने पेटी पूर्ण उपसली, आपलं पाणी भरलं, दगड एकेक करून धुतले. रोगट्या त्याच्या ओंजळीतच गेला.

"सगळं गेलं, वहिनी," तो म्हणाला. "उद्या तुम्ही सांगा त्याला. मी सांगणं बरं नाही."

"सांगते," मी म्हणाले.

मुनहेई दुसऱ्या दिवशी आला. एका हाताने टाके धरून पेटीसमोर उभा राहिला. गुलाबी कवचावर पांढरे डाग उठले होते, आणि पुन्हा तो जूनचा वास सुटला होता. मी म्हटलं, नळी निसटली, पाणी गेलं. तो म्हणाला, "मग पाणी कुणी घातलं?"

मी म्हणाले, "आशुईने आणलं."

यात एक शब्द खोटा नव्हता.

तो तसाच खाली निघाला. मी मागोमाग. धक्क्यावर आशुई होडीतली पिंपं धूत होता.

"पाणी कुठलं भरलंस?" मुनहेईने वरून विचारलं.

"टाके सुकले नाहीत आणि आला बोंबलत. बस आधी."

"कुठलं भरलंस, विचारतोय! वारं होतं, बाहेर गेला नसशील. इथलंच भरलंस ना? आसऱ्यातलं, डिझेलचं?"

आशुईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आसऱ्याला लागलेल्या सगळ्या होड्यांवरची माणसं कामं थांबवून ऐकत होती. माझं तोंड उघडलं असतं तर चार शब्दांत संपलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या जोडून ठेवलेल्या चपला होत्या. आजवर मी स्वतःला हेच कारण देत आले आहे. भीतीही होती, माझ्या स्वतःसाठीची.

"हो," आशुई म्हणाला. "इथलंच भरलं. कंटाळा आला."

मुनहेई थुंकला आणि वळला. तो पुढे गेल्यावर मी खाली वाकून म्हटलं, "भावजी, असं का बोललात?"

"तुम्हाला त्याच्याबरोबर राहायचंय," आशुई पिंप उलटं करत म्हणाला. "मला नाही. जा आता, जिना चढायचाय त्याला."

मुनहेई वाचला. रागाने माणूस तगतो, हे मी तेव्हा पाहिलं. त्याने दगड कचऱ्याच्या खोलीत नेऊन टाकले आणि गाड्यांच्या तळावर राखणदाराची नोकरी धरली. अकरा वर्षं केली. एक दिवस खाडा नाही. समुद्र दिसणाऱ्या बाजूला तो बसत नसे. आशुईचं नाव घरात निघालं की उठून जायचा.

ते "कंटाळा आला" महिन्याभरात सगळीकडे पोचलं. आशुईचं पाणी घ्यायचं लोकांनी बंद केलं. त्याने होडी विकली आणि बाजारात बर्फ फोडायचं काम केलं. २००६ साली तो फुप्फुसाच्या आजाराने गेला. मुनहेई त्याच्या अंत्यविधीला आला नाही. मी गेले. रीतीप्रमाणे पांढऱ्या पाकिटातून साखरेची गोळी मिळाली, ती घरी पोचायच्या आत खायची असते. मी खाल्ली. त्याच्या भाच्याने त्याची राख बाहेरच्या बेटांपलीकडे नेऊन सोडली.

फाँगबाई मुलाकडे कॅनडाला गेल्या. त्या अजून आहेत, नव्वदीच्या पुढे. नवीन वर्षाला फोन करतात आणि कोण कोण मेलं ते विचारतात.

मुनहेई २०१५ मध्ये गेला. मला पाण्यात टाकू नका, एवढंच सांगून. म्हणून तो टेकडीवर आहे, राख ठेवायच्या भिंतीतल्या कोनाड्यात, वर-खाली, डावी-उजवीकडे सगळी अनोळखी माणसं. कबरी झाडायच्या सणाला मी संत्री आणि भाजलेलं डुक्कर घेऊन जाते. दर वर्षी ठरवते, यंदा त्याला सांगायचं, कुणी काय ओतलं ते. दगडी फरशी पुसते, उदबत्ती लावते, घसा साफ करते. तोवर शेजारच्या कोनाड्याची माणसं येतात, लहान मुलं, पिशव्या, फुलं घेऊन. त्यांना उभं राहायला जागा हवी असते. मी बाजूला होते.