रोजचं एक अंडं

थोरल्या जावेला मूल नव्हतं आणि धाकटीला वेळ नव्हता. सूतगिरणीत सकाळी गेलेली धाकटी दिवेलागणीला परतायची. त्यामुळे तिची ठकी थोरलीच्याच कडेवर वाढली. तळहाताच्या फोडासारखं जपलं तिला थोरलीनं.

पण पोर काही अंग धरेना. सारखं पोट बिघडायचं. डॉक्टर म्हणाले, अशक्त आहे, रोज एक अंडं द्या. थोरलीनं ते वाक्य पदरात गाठ मारून ठेवलं. दोन कोंबड्या होत्या, त्यांच्या सात केल्या. बाहेर ठेवल्या की मांजर टपलेलं, म्हणून स्वयंपाकघरातच, चुलीशेजारी खोकी मांडून त्यांची सोय केली. "वहिनी, आता त्यांना पाट मांडा, आम्ही अंगणात जेवतो," दीर चिडवायचा. ती हसायची आणि ठकीला कोमट अंडं सोलून भरवायची.

घाणेरडी बाई नव्हती ती. दिवसातून चारदा जमीन पुसायची, भांडी लखलखीत ठेवायची. फक्त जमीन पुसायच्या फडक्यानंच कधी पोरीचे हात पुसायची. पोट पुन्हा बिघडलं की तिला वाटायचं, अंडं कमी पडतंय. मग आठवी कोंबडी आली.

दीड वर्षाची असताना ठकी दोन दिवसांच्या जुलाबात गेली. धाकटी थोरलीच्याच गळ्यात पडून रडली. म्हणाली, माझ्याहून तुम्हीच तिची आई होतात. त्या बोलण्यावर थोरलीनं पुढची चार वर्षं काढली.

मग धाकटीला मुलगा झाला. तो रांगायला लागला तसं त्याचंही पोट बिघडायला लागलं. वजन करायला नर्सबाई घरी आल्या. वजन झाल्यावरही त्या लगेच उठल्या नाहीत, पोराकडे बघत बसल्या. पोरानं जमिनीवरची कोंबडीची विष्ठा मुठीत धरली आणि सरळ तोंडाकडे नेली. नर्सबाईंनी झटकन हात धरला.

त्या रागावल्या नाहीत. अंडं द्याच म्हणाल्या, पण कोंबड्या घरात नकोत. पोर रांगतं तिथं तर नकोतच. अंडी गोळा केली, खोकी झाडली की साबणानं हात धुवायचे. नुसतं फडकं फिरवून जमीन स्वच्छ दिसते, होत नाही.

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आधीची एक होती आमची. ती यानंच गेली का हो?"

नर्सबाईंनी वजनकाटा पिशवीत घातला. "आता ते कसं सांगू, बाई? असेलही."

त्या दिवशी थोरलीनं दिराच्या मागे लागून परसात, घरापासून दूर, जाळीचं खुराडं करून घेतलं. खोकी जाळली, जमीन खरवडून काढली. धाकटीला काय सांगायचं? कोंबड्यांचा वास येत होता म्हणून हलवल्या, एवढंही पुरलं असतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? आणि धाकटी तिला आई म्हणाली होती. ते फसवून घेतलेलं दान आता तिला पेलेना.

धाकटी कामावरून आली तेव्हा थोरलीनं सगळं सांगितलं. फडक्याचंही सांगितलं. धाकटी उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. पोराला उचलून आत गेली.

बऱ्याच वेळानं बाहेर आली ती पोराला कडेवर घेऊनच. "याला धरा जरा. भाकऱ्या राहिल्यात," ती म्हणाली.

थोरलीनं चटकन हात पुढे केले. धाकटी मात्र दोन पावलं मागे सरली.

"आधी हात धुवा."

बरोबरच होतं ते. नर्सबाईंनी सांगितलं तेच. पण धाकटी आजवर तिच्याशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. थोरली मोरीत जाऊन बसली आणि साबण हातांवर घासत राहिली, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. धुतले, पुन्हा धुतले. ओले हात समोर धरून ती परत आली तेव्हा पोर आईच्या खांद्यावर झोपून गेलं होतं, आणि धाकटी एका हातानं भाकरी थापत होती.